आर्मेनिया : नऊ दिवसांत कोणते मठ पाहावेत आणि कोणते सोडावेत?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. येत्या सप्टेंबरच्या उत्तरार्धात आम्ही पती-पत्नी नऊ दिवसांसाठी आर्मेनियाला जाण्याचे ठरवीत आहोत. त्यासंबंधी इथल्या जाणकार मंडळींचा सल्ला हवा आहे. मी ६४ वर्षांचा आहे, सौ. ६१ वर्षांची, दोघेही निवृत्त शिक्षक. चालण्याचा सराव आहे, परंतु सौ.च्या गुडघ्यांना उतार सोसत नाही, त्यामुळे जिथे पायऱ्या फार आहेत ती ठिकाणे आधीच कळली तर बरे. दोघेही शाकाहारी आहोत, अंडे चालते.

आर्मेनियाच का, असे घरचे विचारतात. वेरूळ आम्ही सात वेळा पाहिले आहे आणि आठव्यांदा जायलाही आमची तयारी आहे, एवढेच उत्तर माझ्याकडे आहे. डोंगर, दगड आणि त्या दगडावर माणसाने केलेले काम एकाच जागी पाहायला मिळाले की आम्हांला दुसरे काही लागत नाही. या देशाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या एक दशांशाहूनही कमी, पण त्याची सरासरी उंची सुमारे १,८०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही अधिक, हे वाचल्यापासून ते नाव डोक्यातून गेलेले नाही.

अडचण अशी आहे की एका प्रवासी संस्थेने आम्हांला जो कार्यक्रम आखून दिला आहे, त्यात सहा दिवसांत चौदा मठ आणि उरलेल्या तीन दिवसांत जॉर्जिया, अशी रचना आहे. जाऊन आलेले एक स्नेही म्हणाले की चौथ्या मठानंतर सगळे सारखेच दिसू लागतात, तेव्हा दोन पाहा आणि बाकीचा वेळ सरोवराकाठी बसा. हे खरे आहे काय? गेघार्द नावाचा डोंगरात कोरलेला मठ ‘आर्मेनियाचे वेरूळ’ असल्याचे माहितीपत्रकात छापले आहे. ती तुलना कितपत खरी आणि कितपत जाहिरातीची, हेही कुणी सांगितले तर उपकार होतील. जॉर्जिया घ्यावा की सोडावा, याविषयी घरात अद्याप एकमत झालेले नाही.

कातळवेडा

आपल्या स्नेह्यांची तक्रार मला ओळखीची आहे, कारण पहिल्या फेरीत मीही तीच केली होती. त्या वेळी मी एका सहलीबरोबर गेलो होतो. प्रत्येक मठाला पस्तीस मिनिटे, त्यांतली दहा स्वच्छतागृहाच्या रांगेत. पाचव्या दिवशी कोणते छायाचित्र कोणत्या मठाचे हे मलाच सांगता येईना. दुसऱ्यांदा एकटा गेलो, सहाच मठ पाहिले आणि ते सहाही आज मला डोळे मिटून वेगळे सांगता येतात.

असे होण्याचे एक कारण आपल्या सवयीत आहे. वेरूळ, अजिंठा किंवा होयसळांची देवळे पाहून तयार झालेला डोळा भिंतीवर मूर्ती शोधतो, आणि आर्मेनियाच्या चर्चमध्ये मूर्ती जवळपास नाहीत. आतल्या भिंती बहुधा उघड्या दगडाच्या, रंग फारसा नाही, वर नळकांड्यासारखा गोल किंवा बहुकोनी भाग आणि त्यावर शंकूच्या आकाराचे छत. हा आराखडा पिढ्यान्‌पिढ्या फारसा बदललेला नाही. म्हणून गेल्या गेल्या मुख्य चर्चमध्ये न घुसता आधी त्याच्या समोरच्या दालनात थांबावे. त्याला तिकडे ‘गावित’ म्हणतात. आपल्या भाषेत सभामंडप म्हणा, पण तिथे सभा भरत, न्यायनिवाडे होत आणि दफनही होत असे. छताला एकमेकींना छेदणाऱ्या जाडजूड कमानी, आणि त्यांच्या मधोमध आकाशाकडे उघडणारा एकच झरोका. दिवसभर उजेडाचा तो एक खांब जमिनीवरून सरकत असतो. हा झरोका तिथल्या जुन्या शेतकरी घरांच्या छतावरून आला आहे. चुलीचा धूर बाहेर जावा म्हणून ठेवलेले भोक पुढे दगडात देवघराचे झाले.

गावितात उभे राहिलात की पायांखाली पाहा. फरशी म्हणून जी दिसते, त्या बहुतेक थडग्यांच्या शिळा असतात. उत्तरेकडच्या हाघपातच्या मठात तर सरदार-राजघराण्यांतील माणसांच्या शिळा अशाच जमिनीत बसवलेल्या आहेत आणि येणारा-जाणारा त्यांवर पाय ठेवूनच आत जातो. आपल्यावरून लोकांनी चालावे, हीच त्या माणसांची इच्छा होती, असे तिथे सांगतात. मला त्या क्षणी पंढरपूरच्या महाद्वारातली नामदेव पायरी आठवली. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी पायरीची जागा मागितली. आपण मात्र त्या पायरीवर पाय न ठेवता डोके ठेवतो. हाघपातला लोक खरोखरच चालतात. शिळांवरची अक्षरे मधोमध पुसट झाली आहेत आणि कडेला ठसठशीत राहिली आहेत, ती त्यामुळेच.

दुसरी पाहण्याची वस्तू म्हणजे खाचकार. ‘खाच’ म्हणजे क्रूस आणि ‘कार’ म्हणजे दगड. पुरुषभर उंचीची उभी शिळा, मध्ये क्रूस, खाली बहुधा सूर्यचक्रासारखे एक वर्तुळ, आणि उरलेल्या जागेत द्राक्षे, डाळिंबे व दोरखंडाची गुंफण. मृताच्या आत्म्यासाठी, लढाई जिंकल्याबद्दल, पूल बांधून झाल्याबद्दल, अशा नाना कारणांनी ती उभी करीत. आपल्या गावोगावच्या वीरगळांची सवय असलेल्या माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच की वीरगळात गोष्ट सांगितलेली असते, खालच्या चौकटीत लढाई आणि वर स्वर्ग, तर खाचकारात गोष्ट नाही, केवळ नक्षी आहे. तिच्यापुढे पाच मिनिटे उभे राहिल्याशिवाय ती उलगडत नाही. गोशावांकच्या मठात १२९१ सालचा एक खाचकार आहे, त्याची नक्षी जाळीदार लेससारखी थरावर थर कोरलेली आहे. मागचा थर पाहायला मान तिरकी करावी लागते. छिन्नीने हे कसे साधले असेल, याचा विचार करीत मी तिथे पाऊण तास घालवला आणि माझी बस चुकली.

आता गेघार्द. ‘आर्मेनियाचे वेरूळ’ ही जाहिरात आहे, आणि त्या अपेक्षेने गेलात तर निराशा होईल. कैलासाच्या आकारमानाचे तिथे काहीही नाही. परंतु दोहोंची तुलना करायचीच असेल तर ती अशी करावी : कैलास वरून खाली कोरीत आणून चारही बाजूंनी मोकळा केला आहे, म्हणजे आपण त्याच्याभोवती फिरतो, गेघार्दच्या कोरीव खोल्यांना बाहेरची बाजूच नाही. डोंगराच्या पोटात पोकळी, आणि उजेड फक्त वरच्या झरोक्यातून. मुख्य चर्च १२१५ सालचे आणि बांधीव आहे. त्याला लागून डोंगरात कोरलेली दालने तेराव्या शतकातच पुढे होत गेली. पहिल्या कोरीव चर्चमध्ये कातळातूनच झरा वाहतो. लोक त्याचे पाणी बाटलीत भरून नेतात आणि फरशी कायम ओली असते, तेव्हा सौ.ना तिथे हात द्यावा.

मला जे सर्वांत नवल वाटले ते निराळेच. डोंगरात कोरलेल्या खोलीला कमानीची आणि खांबाची गरज नसते. छत पडायची भीतीच नसते. तरीही कोरणाऱ्यांनी बांधीव गावितातले खांब, छेदत जाणाऱ्या कमानी आणि झरोका हे सगळे जसेच्या तसे कातळात कोरले आहे. आपल्या भाजे लेणीत लाकडी घराचे वासे दगडात उतरवले आहेत ना, अगदी तसेच. तिथे लाकडाची आठवण दगडात राहिली, इथे बांधकामाची आठवण कातळात राहिली. दोन्ही ठिकाणच्या कारागिरांनी एकमेकांचे नावही ऐकलेले नव्हते.

प्रोशियान सरदारांच्या दफनगृहात कमानीच्या वर एक शिल्प आहे, ते चुकवू नका. एका शिंगाळ्या पशूच्या तोंडात साखळी, ती दोन सिंहांच्या गळ्यांत अडकवलेली, आणि सिंहांच्या मध्ये कोकराला नखांत धरलेला गरुड. मूर्ती नाहीत असे मी वर म्हटले त्याला हा सणसणीत अपवाद. बाहेरच्या पायऱ्यांनी वर गेलात की १२८८ सालचे आणखी एक कोरीव दालन लागते. त्याच्या जमिनीत एक भोक आहे, त्यातून खालचे दालन दिसते. मी वर होतो तेव्हा खाली चार-पाच जणींचा गट गाऊ लागला. आवाज त्या भोकातून येतो आहे, भिंतींतून येतो आहे की आपल्याच छातीतून, हे मला समजेना. साधे खाकरलात तरी तो खाकरा चार खांबांना प्रदक्षिणा घालून परत येतो.

गेघार्दच्या वाटेवरच गार्नी आहे. चोवीस खांबांचे हे देऊळ सर्वसाधारणपणे इसवी सनाच्या पहिल्या शतकातले मानतात. १६७९ च्या भूकंपात ते कोसळले आणि १९६९ ते १९७५ या काळात पुन्हा उभे केले गेले. नवे घातलेले दगड मुद्दाम बिननक्षीचे ठेवले आहेत, त्यामुळे जुने कुठले आणि नवे कुठले हे कुणालाही ओळखता येते. देवळाखालच्या दरीत बेसॉल्टचे षट्कोनी खांब छताला टांगल्यासारखे लटकताना दिसतात. आपण सह्याद्रीतली माणसे बेसॉल्टवरच वाढलो, आणि अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिली असेल तर हा प्रकार नवा नाही. पण गार्नीची दरी मैलभर त्याच खांबांची आहे. दरीत मोटार जाते, त्यामुळे गुडघ्यांची काळजी नको.

माझे मत : गेघार्द-गार्नी, हाघपात-सनाहिन, नोरावांक, गोशावांक. बस्स. दक्षिणेकडचा तातेवचा मठ दूर आहे, तो सोडावा.

येरेवानकर

मी येरेवानमध्ये सहा वर्षे वैद्यकीय शिक्षण घेतले. तिथे भारतीय विद्यार्थी पुष्कळ आहेत, त्यांत मराठी मुलेही भेटतात. म्हणून मठांविषयी न बोलता जेवणाविषयी लिहितो, कारण माझे आईवडील भेटीला आले असताना अडचण तिथेच आली होती.

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण विचारावे लागते. ‘मिस’ म्हणजे मांस. शब्द कानाला ओळखीचाच वाटेल, कारण मूळ एकच. ‘अनमिस’ म्हटले की बिनमांसाचे, एवढे बहुतेकांना कळते. तरीही मसूरीचे सार मागवताना ते मांसाच्या पाण्यात शिजवले आहे का, हे एकदा विचारून घ्यावे. ख्रिस्ती उपवासांची परंपरा तिथे जुनी असल्यामुळे उपवासाचा स्वतंत्र स्वयंपाक आहे आणि त्यात दूध-अंडेही चालत नाही. कोबीच्या पानांत कडधान्ये भरून केलेला उपवासाचा तोल्मा कुठे मिळाला तर जरूर खावा. ‘स्पास’ हे दही आणि गहू घालून केलेले गरम सार आहे; माझ्या आईने पहिला चमचा घेतला आणि म्हणाली, ‘अरे, ही तर कढीच, फोडणी विसरलेली.’ दह्याला मात्सुन आणि ताकाला तान म्हणतात. ताक बाटलीत मिळते, खारट असते, आणि उन्हात फिरून आल्यावर त्याच्यासारखे दुसरे काही नाही.

सर्वांत भरवशाचा पदार्थ म्हणजे झिंग्यालोव हात्स. बारीक चिरलेल्या दहा-पंधरा प्रकारच्या पालेभाज्या पातळ पोळीत भरून, लांबट आकार देऊन तव्यावर भाजतात. येरेवानच्या झाकलेल्या बाजारात आजीबाई समोर बसून लाटतात, तिथे उभ्याउभ्या खावा. लवाश ही पातळ पोळी ‘तोनिर’ नावाच्या जमिनीत पुरलेल्या भट्टीत भाजतात. गार्नी गावात घरोघरी त्या भट्ट्या आहेत आणि थांबून पाहिलेत तर कुणी नाही म्हणत नाही. बाई लांब उशीसारख्या गादीवर पोळी ताणते आणि कमरेतून वाकून भट्टीच्या भिंतीवर एका थापेत चिकटवते. अर्ध्या मिनिटात पोळी बाहेर येते.

पाण्याची बाटली विकत घेऊ नका. रस्तोरस्ती दगडी कारंजी आहेत, त्यांना पुलपुलाक म्हणतात. अखंड वाहतात आणि पाणी पिण्याजोगे असते. आपल्याकडे वाडवडिलांच्या स्मरणार्थ पाणपोई घालतात तशी कित्येक पुलपुलाके मृतांच्या नावे बांधलेली आहेत.

येरेवानमध्ये फिरण्यासाठी मोबाइलवरून टॅक्सी बोलवावी. भाडे आधीच दिसते, त्यामुळे घासाघीस नाही. शहराबाहेर मार्श्रुत्का नावाच्या छोट्या गाड्या जातात, परंतु त्या भरल्याशिवाय सुटत नाहीत आणि तुमच्या वयाला ती दाटी सोसणार नाही. दिवसाच्या हिशेबाने चालकासह मोटार ठरवा. व्हिसा आपल्याला इंटरनेटवरून मिळतो. अर्ज करताना संकेतस्थळ आर्मेनियाच्या सरकारचेच आहे याची खात्री करा, कारण तसेच दिसणारी मध्यस्थांची स्थळे दामदुप्पट घेतात. आखाती देशांत विमान बदलून जाणे सर्वांत सोपे पडते.

घाटवाट

कातळवेडा यांनी तातेव एका ओळीत निकालात काढला, त्याला माझा विरोध आहे. कृष्णाकाठ यांच्या प्रश्नात कोरीव कामाइतकाच डोंगरही आहे, आणि डोंगर पाहायचा तर दक्षिणेकडे गेलेच पाहिजे. येरेवान सोडून दक्षिणेला निघालात की पहिल्या तासाभरात अरारात उजव्या हाताला सोबत करतो. ५,१३७ मीटर उंचीचा हा पर्वत आर्मेनियाच्या राजचिन्हात आहे, घराघरांतल्या भिंतीवर आहे, आणि सीमेपलीकडे तुर्कस्तानात आहे. ती सीमा १९९३ पासून बंद आहे. खोर विरापचा मठ त्या सीमेला लागूनच उभा आहे. पहाटे गेलात तर पर्वत स्वच्छ दिसतो, दहानंतर धुरकट होतो. ज्या भुयारात संत ग्रेगोर यांना राजा तिरिदात याने तेरा वर्षे डांबले होते असे सांगतात, तिथे उतरायला उभी लोखंडी शिडी आहे. सौ.नी वरच थांबावे. याच राजाने पुढे इसवी सन ३०१ मध्ये ख्रिस्ती धर्माला राज्याचा धर्म केले, असे परंपरा मानते.

पुढे नोरावांक. विटकरी-लाल कड्यांच्या अरुंद घळीतून रस्ता वळत जातो आणि शेवटच्या वळणावर त्याच रंगछटेचा मठ दिसतो. १३३९ साली पुऱ्या झालेल्या तिथल्या दुमजली चर्चच्या दर्शनी भिंतीतून दगडी पट्ट्या बाहेर काढून वरच्या मजल्याचा जिना केला आहे. रुंदी वीतभर, कठडा नाही. चढणारे हसत चढतात आणि उतरताना भिंतीकडे तोंड करून, ओणवे होऊन उतरतात. वर काय आहे याचे वर्णन मी करीत नाही, म्हणजे चढण्याचा मोह होणार नाही. खालचे कोरीव काम पाहण्यातच एक तास जातो. मुख्य चर्चच्या गावितावर वरच्या खिडकीच्या कमानीत बदामी डोळ्यांचा, दाढीवाला परमपिता कोरला आहे. साक्षात ईश्वराचे असे चित्रण तिकडे दुर्मीळ आहे. शिल्पकार मोमिक याचे नाव लक्षात ठेवा. घळीच्या तोंडाशीच अरेनीची गुहा आहे. तिथे सुमारे ५,५०० वर्षांपूर्वीचा चामड्याचा एक जोडा सापडला आणि त्याहून जुनी, सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची, द्राक्षे तुडवून दारू करण्याची जागाही.

तातेवला जाणारी दोरीवरची गाडी ५.७ किलोमीटर लांबीची आहे आणि वोरोतान नदीची दरी बारा मिनिटांत ओलांडते. २०१० साली ती सुरू झाली; त्याआधी नागमोडी घाट उतरून पुन्हा चढावा लागे. म्हणजे गुडघ्यांच्या दृष्टीने तातेव हे गेघार्दपेक्षाही सोपे आहे! जागा आधी राखून ठेवा आणि वाऱ्यामुळे गाडी बंद राहिली तर म्हणून एक दिवस हाती ठेवा. मठाच्या आवारात ९०४ सालचा आठेक मीटर उंचीचा अष्टकोनी खांब आहे. जमिनीला कंप बसला की तो आधी हलायचा आणि मग परत सरळ व्हायचा, असे सांगतात. आता त्याला लोखंडी पट्ट्या आवळल्या आहेत. मुक्काम गोरिस गावात करावा. तो भाग सीमेजवळचा आहे, म्हणून निघण्यापूर्वी आपल्या परराष्ट्र खात्याच्या सूचना वाचाव्यात.

परतताना आल्या वाटेने येऊ नका, सेलिमच्या खिंडीतून या. उंची २,४१० मीटर, आणि माथ्याच्या किंचित अलीकडे १३३२ सालची एक धर्मशाळा शाबूत उभी आहे. आत अंधार, मधल्या ओळीत जनावरे बांधायची जागा, दगडी गव्हाणी, आणि दोन्ही बाजूंना माणसे झोपायची. एक शिलालेख आर्मेनियन भाषेत, दुसरा फारसीत, म्हणजे पूर्वेकडून उंट घेऊन येणाऱ्यालाही कळावे की ही जागा कुणी बांधली. नाणेघाटात जकातीचा रांजण पाहून मनात जे चित्र उभे राहते, त्याला इथे छप्पर आणि भिंती मिळतात. खिंड ओलांडली की सेवान सरोवराचा निळा पट्टा समोर येतो. काठावरच्या नोरातुसच्या दफनभूमीत जवळजवळ हजार खाचकार एकत्र उभे आहेत.

जॉर्जिया या वेळी नको. तिकडचा व्हिसा वेगळा, सीमेवर वेळ वेगळा, आणि तीन दिवसांत तिबिलिसीच्या गल्ल्यांपलीकडे काही होत नाही.

कृष्णाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. घरात वाचून दाखवले आणि जॉर्जियाचा प्रश्न तत्काळ मिटला. आता असे ठरते आहे : पहिले तीन दिवस येरेवान, त्यांतला एक गार्नी-गेघार्दसाठी, चौथ्या दिवशी खोर विराप व नोरावांक करून गोरिस, पाचवा तातेव, सहाव्या दिवशी सेलिमच्या खिंडीतून नोरातुसमार्गे दिलिजान, सातवा गोशावांक आणि विश्रांती, आठव्या दिवशी हाघपात-सनाहिन पाहून रात्री येरेवान, नववा दिवस परतीचा. येरेवानमध्ये हस्तलिखितांचे जे मोठे संग्रहालय आहे, त्याला अर्धा दिवस पुरेल काय? आणि चर्चमध्ये जाताना काही रीतभात पाळावी लागते का? जोडे काढावेत, डोके झाकावे, असे काही?

जुनीबखर

संग्रहालयाचे नाव मातेनादारान. अर्धा दिवस पुरेल, परंतु तो सकाळचा ठेवा आणि सुट्टीचा वार आधी पाहून घ्या. ४०५ साली मेस्रोप माश्तोत्स यांनी आर्मेनियन लिपी सिद्ध केली, तेव्हा तिची छत्तीस अक्षरे होती; त्यांचा पुतळा दारातच आहे. आत मूश गावच्या मठातला एक प्रचंड ग्रंथ आहे. तेराव्या शतकाच्या आरंभीचा, वजन जवळजवळ २८ किलो, पाने वासरांच्या कातड्याची. १९१५ साली ओटोमन तुर्कांच्या राज्यात झालेल्या आर्मेनियन लोकांच्या संहारातून निसटताना दोन स्त्रियांनी तो दोन भाग करून पाठीवर वाहून नेला, अशी हकिकत तिथे सांगतात. ग्रंथाशेजारी मुद्दाम अगदी चिमुकले, काही ग्रॅमांचे एक पुस्तक ठेवलेले असते. मास्तर मंडळींना ते विशेष आवडेल.

जाण्यापूर्वी आपल्या इकडचाही एक दुवा लक्षात असू द्यावा. आर्मेनियन भाषेतले जगातले पहिले नियतकालिक ‘अझ्दारार’ १७९४ साली निघाले, ते येरेवानमध्ये नव्हे तर मद्रासमध्ये, हारुत्युन श्माव्होन्यान या पाद्र्यांच्या छापखान्यात. चेन्नईची आर्मेनियन स्ट्रीट आणि मुंबईच्या फोर्टातले आर्मेनियन चर्च ही त्याच व्यापारी वस्त्यांची खूण. येरेवानमध्ये कुणाला सांगितलेत की आम्ही भारतातून आलो, तर ‘मद्रास’ हा शब्द आपल्या आधी तेच उच्चारण्याची शक्यता आहे.

कातळवेडा

घाटवाट यांनी सेलिमची आठवण काढल्यावर माझा तातेवविषयीचा आग्रह मी मागे घेतो. आराखडा चांगला झाला आहे. फक्त आठव्या दिवशी दिलिजानहून पहाटे निघा, म्हणजे हाघपातच्या गावितात झरोक्याचा उजेड जमिनीवर पडलेला सापडेल. सेवानकडून दिलिजानला येताना एक बोगदा लागतो. अलीकडे उघडे, पिवळे डोंगर आणि पलीकडे एकदम दाट झाडी. देशावरून घाट उतरून कोकणात आल्यासारखे वाटेल.

रीतभातीचे म्हणाल तर जोडे काढायचे नाहीत, आणि फरशी इतकी गार असते की काढू नयेतच. स्त्रियांनी डोक्यावर रुमाल घ्यावा अशी रूढी आहे. सक्ती सहसा नसते, पण सौ.नी पदर किंवा ओढणी जवळ ठेवली तर बरे दिसेल. पिवळ्या, बारीक मेणबत्त्या दाराशी मिळतात. पैसे पेटीत टाकायचे आणि मेणबत्ती वाळूच्या तबकात खोचायची. बाहेर पडताना वेदीकडे पाठ करीत नाहीत, तोंड तिकडेच ठेवून काही पावले मागे मागे येतात, जशी आपल्याकडची जुनी माणसे गाभाऱ्यासमोरून निघतात. तेवढ्या वेळी सौ.चा हात धरा. तिथले उंबरे बरेच उंच आहेत आणि मागे पाहता येत नाही.